गाडी धरायला मागे माणूस बसवू नका: पिकअपमधून मोटरसायकल नेण्याची नीट पद्धत

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोयीचं जातं, त्यांच्यासाठी या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरावृत्ती तेवढी काढली आहे, बाकी बोलणं आहे तसंच ठेवलंय.)

आजचा विषय अगदी रोजच्या कामाचा आहे. नोकरीत बदली झाली, कॉलेज संपवून पोरगं गावी परत निघालं, किंवा भर रस्त्यात इंजिन जाम झालं. अशा वेळी मोटरसायकल चालवत नेता येत नाही, मग आपण पिकअप बोलावतो. पिकअपवाला येतो, चार माणसं गोळा होतात, गाडी उचलून वर ठेवतात, एक दोरी इकडून, एक दोरी तिकडून, आणि मग कुणीतरी म्हणतं, "दादा, पोरगं बसतंय की मागं, धरून ठेवील."

आजचा अख्खा भाग या एका वाक्यासाठी आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो: गाडी धरायला माणूस लागत असेल, तर ती गाडी बांधलेलीच नाहीये. आणि नीट बांधली असेल, तर माणसाची गरजच नाही. मधली स्थिती कुठलीही नाही.

एक खुलासा आधीच करतो. आपण मोटरसायकललाही गाडी म्हणतो आणि पिकअपलाही गाडीच म्हणतो. गोंधळ नको म्हणून आज 'गाडी' म्हणजे मोटरसायकल, आणि पिकअपला मी पिकअपच म्हणणार.

माणूस का धरू शकत नाही?

थोडं गणित करू. घाबरू नका, गुणाकारच आहे.

रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० चं वजन १९५ किलो. स्प्लेंडर घेतलीत तर साधारण ११२ किलो. पिकअप सरळ, सारख्या वेगाने चाललीय तोवर हे वजन फक्त खाली दाबत असतं, त्यामुळे एका हाताने तोल सांभाळता येतो. तिथेच आपण फसतो. वाटतं, चाललंय की व्यवस्थित.

आता समोर अचानक म्हैस आली आणि ड्रायव्हरने ब्रेक दाबला. पिकअप थांबते, पण गाडीला पुढेच जायचं असतं. युरोपात ट्रकमधला माल बांधण्यासाठी जे मानक वापरतात, त्यात असं धरलेलं आहे की जोराच्या ब्रेकमध्ये माल आपल्या वजनाच्या ०.८ पट जोराने पुढे ढकलला जातो आणि वळणावर ०.५ पट जोराने बाजूला. हाच हिशेब आपल्या गाडीला लावा. क्लासिक पुढे ढकलली जाणार साधारण १५६ किलोच्या जोराने, आणि वळणावर बाजूला सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव किलोच्या जोराने. स्प्लेंडरसुद्धा ब्रेकमध्ये नव्वद किलोच्या जोराने पुढे जाते.

हौद्यात उकिडवा बसलेला माणूस हे धरू शकतो का? त्याला स्वतःलाच धरायला काही नसतं. ब्रेक लागला की तोही पुढे फेकला जातो, आणि त्याच्या मागून गाडी येते. म्हणजे धरायला बसवलेला माणूस गाडी आणि केबिन यांच्या मध्ये सापडतो. गाडीचं हँडल वाकलं तर गॅरेजमध्ये सरळ होतं. पोराच्या बरगड्यांचं तसं नसतं.

म्हणून पहिला नियम. हौद्यात कुणीही बसायचं नाही. गाडीचा मालक केबिनमध्ये, ड्रायव्हरच्या शेजारी, पट्टा लावून. केबिनमध्ये जागा नसेल तर एसटीने या.

पिकअप कुठली बोलवायची?

आपल्याकडे दोनच प्रकार जास्त मिळतात. एक टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती. दुसरी बोलेरो पिकअप किंवा तिच्यासारखी मोठी.

छोट्या हत्तीचा हौदा साधारण २२०० मिलिमीटर लांब, म्हणजे सव्वासात फुटांच्या आत. स्प्लेंडर २००० मिलिमीटरच्या आसपास, ती आरामात बसते. क्लासिक ३५० मात्र २१४५ मिलिमीटर. कागदावर बसते, पण मागचा फाळका लावताना बोटभर जागा उरते, आणि मागून पट्टा ओढायला कोनच मिळत नाही. मग लोक गाडी तिरकी लावतात. तिरकी लावली की ब्रेकचा धक्का चाकाच्या रेषेत न जाता गाडीच्या बगलेत बसतो आणि गाडी आडवी पडायला बघते. मोठी गाडी असेल तर सरळ नऊ-दहा फुटांच्या हौद्याची पिकअप सांगा. भाड्यात थोडा फरक पडेल, पण पडू द्या.

फाळका उघडा ठेवून, मागचं चाक बाहेर काढून नेणं हा प्रकारही दिसतो. तसं करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर, माल मर्यादेबाहेर लोंबत असेल तर २० हजार रुपये दंड आहे, शिवाय तो उतरवण्याचा खर्च वेगळा. आणि दंड बाजूला ठेवला तरी, फाळका बंद असणं ही तुमची शेवटची भिंत असते. दोरी तुटली तर गाडी निदान हौद्यात तरी राहील, मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या अंगावर जाणार नाही.

पिकअप आली की भाडं ठरवण्याआधी हौद्यात डोकवा. आतल्या बाजूला कड्या आहेत का? नसतील तर बाहेरच्या बाजूला, खाली दोर बांधायचे हुक असतात, ते शाबूत आहेत का? गंजून निम्मे झालेले हुक असतील तर तिथे पट्टा अडकवून उपयोग नाही. हाताने जोरात हलवून बघा. ड्रायव्हरमामांना राग येणार नाही, आला तरी चालेल.

गाडीची तयारी

इथे फार वेळ घालवत नाही. पेट्रोल काठोकाठ नको, लिटर-दोन लिटर पुरे. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला पेट्रोलचा कॉक असतो, तो बंद करा. आरसे काढून पिशवीत ठेवा, कारण हौद्यात सगळ्यात आधी आरसेच फुटतात. टाकीवरची बॅग, मोबाइलचा होल्डर, सगळं काढा. दोन्ही टायरमध्ये नेहमीची हवा ठेवा. अर्धवट हवेच्या टायरवर गाडी डुलते, आणि वाटेत हवा आणखी कमी झाली तर पट्टे सैल पडतात. निघण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. ओरखडा आधीचा की आत्ताचा, यावरून वाद नको.

किल्ली तुमच्या खिशात. आरसी, विमा आणि पीयूसीही तुमच्याजवळ, कारण नाक्यावर विचारलं तर ड्रायव्हर काय सांगणार?

चढवणं: सगळ्यात जास्त गाड्या इथेच पडतात

लोकांना वाटतं धोका हायवेवर आहे. पण चढवताना आणि उतरवताना माणसाचा पाय गाडीखाली सापडण्याची शक्यता फार मोठी असते.

चार जणांनी उचलून ठेवणं हलक्या गाडीला जमतं, पण त्यात एकाचा हात सुटला की बाकी तिघांच्या पाठी जातात. आणि उचलताना लोक धरतात काय? सायलेन्सर, इंडिकेटर, मडगार्ड. म्हणजे जे जे सुटणार किंवा भाजणार, ते. फळी वापरा.

फळी किती लांब हवी? मोठ्या पिकअपचा हौदा जमिनीपासून साधारण अडीच-तीन फूट उंच असतो. तीन फूट धरू. सहा फुटांची फळी लावलीत तर चढ इतका उभा होतो की गाडीच्या निम्मं वजन तुम्हाला वर ढकलावं लागतं. क्लासिकसाठी साधारण ९७ किलो. नऊ फुटांची फळी लावलीत तर हेच काम ६५ किलोवर येतं. तीन फूट लाकूड वाढलं आणि एका माणसाचा जोर वाचला. उभ्या फळीचा दुसरा त्रासही आहे. पुढचं चाक हौद्यात आणि मागचं फळीवर असताना गाडीचं पोट हौद्याच्या कडेला घासतं, कधी कधी तिथेच अडकून बसतं.

लांब फळी नसेल तर जमीन वापरा. शेताचा बांध, रस्त्याकडेचा उंचवटा, गोदामाचा धक्का, असं काही बघून पिकअपचं तोंड बाहेर आणि मागची बाजू उंचवट्याकडे करून लावा. जागा चांगली मिळाली तर फळी जवळजवळ आडवीच राहते. गावाकडे ट्रॅक्टरवाले हे रोज करतात, त्यांना शिकवायला लागत नाही.

मग पुढचा क्रम. पिकअपचा हँडब्रेक ओढा, पिकअप गिअरमध्ये टाका आणि चाकाला दगड लावा. तिन्ही करायचं, त्यातलं एखादं करून भागत नाही.

फळीचं वरचं टोक हौद्याला दोरीने बांधा. नुसतं टेकवून ठेवू नका. गाडीचं मागचं चाक फळीवर चढतं तेव्हा ते फळीला मागे ढकलत असतं. गाडी इंजिनावर चढवत असाल तर ती फळीला लाथच मारते. फळी सटकते, पुढचं चाक वर आणि मागचं खाली, आणि शेजारी चालणारा माणूस मध्ये. बांधकामावरून सेंट्रिंगची फळी आणत असाल तर दोन्ही बाजूंनी बघून घ्या. सिमेंट आणि पाणी खाऊन त्या आतून पोचट झालेल्या असतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एक फळी गाडीसाठी, तशी एक फळी माणसासाठी. कारण विचार करा, तुम्ही हँडल धरून गाडीच्या डाव्या बाजूने चालताय. गाडी फळीवरून वर जातेय आणि तुम्ही जमिनीवरच आहात. पुढचं चाक हौद्यात पोचतं तेव्हा हँडल तुमच्या डोक्याच्या वर गेलेलं असतं. त्या क्षणी गाडी पलीकडे झुकली तर तुम्ही काहीही करू शकत नाही, आणि तुमच्याकडे झुकली तर ती तुमच्यावरच येते. शेजारी दुसरी फळी किंवा मजबूत पायरी असेल तर तुम्ही गाडीबरोबर वर जाता आणि तोल तुमच्या हातात राहतो.

तीन माणसं लागतात. एक हँडलवर, त्याच्याकडे पुढचा ब्रेक आणि क्लच. एक मागून ढकलायला, पण थेट मागे नाही, थोडा बाजूला. एक हौद्यात उभा, पुढचं चाक आलं की गाडी धरायला. आणि आवाज एकाचाच. "थांब, ओढ, सोड" हे तिघांनी तीन दिशांनी ओरडायला लागलं की गाडी पडलीच म्हणून समजा. गाडीवर बसून, ॲक्सिलरेटर पिळून हौद्यात उडी मारणारे बहाद्दर व्हिडिओत बघायला ठीक आहेत.

गाडी उभी कशी करायची?

पुढचं चाक केबिनला लागून असलेल्या पुढच्या फाळक्याला टेकवा, हौद्याच्या मधोमध. हँडल सरळ. हँडल लॉक करू नका, कारण लॉक केलं की चाक वाकडं राहतं, फाळक्याला सरळ टेकत नाही आणि सगळा धक्का त्या छोट्याशा लॉकवर जातो. चाकाच्या दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे लावा, म्हणजे चाक घसरणार नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा.

आता स्टँड. इथे ड्रायव्हरशी तुमचा वाद होणार, म्हणून कारणासकट सांगतो.

साइड स्टँडवर गाडी एका बाजूला कललेली असते. त्या अवस्थेत पट्टा आवळला की गाडीचं वजन आणि पट्ट्याचा ताण, दोन्ही त्या एका दांडीवर येतात. खड्ड्यात आदळली की दांडी वाकते, नाहीतर जिथे ती चेसीला जोडलेली असते तिथे तडा जातो.

मेन स्टँड, म्हणजे डबल स्टँड, जास्त भरवशाचा वाटतो. पण तो काढताना तुम्ही काय करता? गाडी पुढे ढकलता आणि स्टँड दुमडतो. ब्रेक लागल्यावर गाडीला नेमकं तेच होतं, ती पुढे ढकलली जाते. म्हणजे पिकअपचा प्रत्येक ब्रेक तुमचा मेन स्टँड काढायचा प्रयत्न करत असतो.

म्हणून गाडी दोन्ही चाकांवर उभी, स्टँड वर, आणि तोल पट्ट्यांवर. बांधताना एकाने धरून ठेवायची. साइड स्टँड त्या वेळेपुरता टेकवलात तर हरकत नाही, पण बांधून झाल्यावर तो वर घेतलाच पाहिजे.

चार पट्टे, चार दिशा

दोरी की पट्टा? शक्य असेल तर रॅचेट पट्टाच. ट्रकचं सामान मिळतं त्या दुकानात मिळतो. त्याला एक दांडा असतो, तो वर-खाली केला की पट्टा दात्या-दात्याने आवळत जातो आणि मागे सुटत नाही. घेताना लेबल वाचा. तुटण्याची क्षमता वेगळी आणि काम करण्याची क्षमता वेगळी, दुसरा आकडा कमी असतो आणि आपण तोच धरायचा. नायलॉनची दोरी ताणते, ओली झाली की आणखी ताणते. सुती दोर पावसात आवळतो आणि वाळला की सैल पडतो. दोरीच वापरायची वेळ आली तर दर थांब्याला ती पुन्हा ओढायची, एवढं पक्कं ठरवा.

बांधायचं कुठे? पुढे, दोन्ही शॉकअपना एकत्र धरणारा जो खालचा टी असतो, तिथे. तो जाड धातूचा असतो आणि गाडीच्या मधोमध असतो. हँडलच्या टोकांना, ग्रिपला बांधू नका, हँडल फिरतं आणि वाकतं. लेगगार्डला नको, तो दोन-तीन बोल्टवर असतो. मागे चेसीच्या भागाला, किंवा मागच्या फूटरेस्टच्या मजबूत ब्रॅकेटला. इंडिकेटर, नंबरप्लेट, सायलेन्सर यांना हातही लावायचा नाही. लोखंडी हुक थेट गाडीला न अडकवता मध्ये कापडी पट्ट्याचा फास घाला, रंग वाचतो. पट्टा टाकीला, वायरिंगला किंवा ब्रेकच्या नळीला दाबत नाहीये ना, ते बोट घालून बघा.

दिशा कशी? पुढचे दोन पट्टे खाली आणि पुढे, एक डावीकडे, एक उजवीकडे. मागचे दोन खाली आणि मागे, एक डावीकडे, एक उजवीकडे. वरून बघितलं तर चार कोपऱ्यांकडे जाणारे चार पट्टे दिसले पाहिजेत. उभ्या रेषेपासून साधारण ४५ अंशाचा कोन चांगला. त्या कोनात पट्ट्याची ओढ खाली दाबायला आणि बाजूने धरायला सारखी वाटली जाते. पट्टा अगदी उभा असेल तर गाडी डुलते, अगदी आडवा असेल तर ती उसळते.

आता किती आवळायचं? याचं उत्तर गाडीच्या शॉकअपमध्ये आहे. पुढचे पट्टे दोन्ही बाजूंनी आळीपाळीने आवळत जा, म्हणजे गाडी सरळ राहील. पुढचा शॉकअप जेवढा दबू शकतो त्याच्या निम्मा दबला की थांबा. असं का? समजा तुम्ही शॉकअप अजिबात न दाबता पट्टा नुसता ताठ केला. खड्डा आला, गाडी आपल्या वजनाने खाली दबली, त्या क्षणी पट्टा सैल. हुक सुटायला तेवढा एक क्षण पुरतो. शॉकअप आधीच दाबलेला असेल तर आतली स्प्रिंग सतत वर ढकलत राहते आणि पट्टा कायम ताठ राहतो. पण पूर्ण दाबून टाकलात तर स्प्रिंगला खेळायला जागा उरत नाही, ऑइल सीलवर ताण येतो, आणि घरी पोचल्यावर शॉकअपमधून तेल गळताना दिसतं.

मागचे पट्टे इतके आवळायला नकोत. मागचा भाग उसळू नये आणि बाजूला सरकू नये, एवढंच त्यांचं काम.

पट्टा हौद्याच्या पत्र्याच्या कडेवरून जात असेल तर तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा घाला. धारदार कडेवर पट्टा शंभर किलोमीटर घासला की कापला जातो. उरलेली शेपटी गाठ मारून बांधा, ती वाऱ्यात फडफडत राहिली तर दोरे सुटतात.

मग परीक्षा घ्या. सीट धरून गाडी जोरात हलवा. गाडी आणि पिकअप एकत्र हलली तर काम झालं. गाडी एकटीच हलत असेल तर पुन्हा आवळा.

घरसामानाबरोबर नेताना

घर बदलताना गाडी बहुतेक वेळा शेवटी चढते. आधी कपाट, फ्रिज, गाद्या, आणि उरलेल्या फटीत गाडी. मग ती कपाटालाच बांधतात. पण कपाट कशाला बांधलंय? कशालाच नाही. म्हणजे दोन सुट्या वस्तू एकमेकींना बांधल्या, दोघी मिळून पडायला मोकळ्या.

आणखी एक चूक म्हणजे चाक आणि फाळका यांच्यामध्ये गादी किंवा जुना टायर घालणं. धक्का शोषला जाईल असं वाटतं. पण ब्रेकला ती गादी दबते, गाडी चार बोटं पुढे जाते आणि पुढचे पट्टे सैल पडतात. चाक टणक वस्तूलाच टेकलेलं हवं. गाडी आधी चढवा, पिकअपला बांधा, मग बाकीचं सामान. गादी गाडी आणि कपाट यांच्यामध्ये घाला, तिथे ती उपयोगाची आहे.

आणि पावसासाठी ताडपत्री टाकत असाल तर ती घट्ट आवळा, खाली टाकीवर जुनी चादर घाला. सैल ताडपत्री वाऱ्याने फडफडते आणि तिच्यावरची धूळ टाकीला सँडपेपरसारखी घासते.

वाटेत

पुण्याहून रत्नागिरीला निघालात असं धरू. पहिला थांबा दहा-पंधरा किलोमीटरवर, म्हणजे शहर सुटल्या सुटल्या. तोवर पट्टे ताणून बसलेले असतात, गाडी हौद्यात आपली जागा घेते, आणि एखादा पट्टा हमखास थोडा ढिला झालेला सापडतो. उतरून चारही पट्टे हाताने दाबून बघा. पुढे खंबाटकी उतरल्यावर एकदा. मग दर तास-दीड तासाने, चहाला थांबाल तेव्हा. आंबा घाट सुरू होण्याआधी मात्र न चुकता, कारण पुढे वळणावर वळण आहे आणि मध्येच थांबायला चांगली जागा मिळत नाही.

ड्रायव्हरला एवढंच सांगा: "मामा, घाई नाही. स्पीडब्रेकरला सावकाश घ्या, आणि काही हललं, आवाज आला तर लगेच थांबा." भाडं ठरवतानाच हे बोला. लवकर पोचून दुसरं भाडं घ्यायचं असेल तर त्याची घाई आपल्या गाडीवर निघते.

उतरवणं

पोचल्यावर सगळे दमलेले असतात, अंधार पडलेला असतो, आणि चौघांतले दोघं गायब असतात. उतरवताना घात होतो तो असा. दिवसाउजेडी पोचा, नाहीतर उतरवायचं काम सकाळवर टाका. गाडी बांधलेल्या अवस्थेत रात्रभर राहिली तर काही बिघडत नाही, बंद आवारात ठेवा म्हणजे झालं.

पट्टे सोडताना आधी एकाने गाडी धरायची. मागचे आधी, पुढचे नंतर. रॅचेट सोडताना चेहरा बाजूला ठेवा, दाबलेला शॉकअप गाडीला एकदम वर उचलतो.

गाडी उलटी, मागचं चाक आधी, अशी उतरते. तेव्हा बहुतेक वजन खालच्या बाजूला, म्हणजे मागच्या चाकावर असतं. पुढच्या चाकावर वजन कमी, त्यामुळे पुढचा ब्रेक दाबला तरी चाक फळीवर घसरतं. मागचा ब्रेक पायात, आणि तुम्ही शेजारी चालताय. मग करायचं काय? गाडी बंद, पहिल्या गिअरमध्ये, आणि क्लच हातात. क्लच दाबला की गाडी सरकते, सोडला की इंजिन मागचं चाक धरतं. क्लचच तुमचा ब्रेक. उतरवण्याआधी सपाट जागेवर दोनदा करून बघा, हाताला लगेच सवय होते.

तुमचे प्रश्न

*स्कूटरचं काय?* तत्त्व तेच. पण स्कूटरला गिअर नाही, त्यामुळे क्लचची युक्ती चालत नाही. दोन्ही ब्रेक हातात असतात, ही सोय आहे. मागच्या ब्रेकला लॉक असेल तर नेताना तो लावा. प्लास्टिकच्या पॅनेलवरून पट्टा आवळू नका, तडकतं.

*एका पिकअपमध्ये दोन गाड्या नेता येतात का?* मोठ्या हौद्यात येतात. एकीचं तोंड पुढे, एकीचं मागे, म्हणजे हँडलं एकमेकांत अडकत नाहीत. पण प्रत्येक गाडी स्वतंत्रपणे पिकअपला बांधायची. आठ पट्टे लागतील.

*आडवी पाडून नेली तर?* नको. पेट्रोल गळतं, जुन्या प्रकारच्या बॅटरीतलं ॲसिड सांडतं, आणि सगळं वजन हँडलच्या टोकावर आणि फूटरेस्टवर येतं.

*ड्रायव्हर म्हणतो, आम्ही वीस वर्षं असंच नेतोय.* त्याच्या अनुभवाला मान द्या. पिकअप कुठे लावायची, घाट कसा उतरायचा, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. पण पट्टे तुम्ही स्वतः घेऊन जा आणि स्वतः बांधा. सामान समोर असलं की कुणी नाही म्हणत नाही. आणि हौद्यात कुणाला बसवायचं म्हणाला, तर तिथे मात्र ठाम नाही म्हणा.

तर मंडळी, यादी एवढीच: चार रॅचेट पट्टे, चार कापडी फास, दोन लाकडी ठोकळे, ट्यूबचे तुकडे, दोन लांब फळ्या आणि तीन माणसं. पट्टे एकदा घेतले की वर्षानुवर्षं पुरतात, मित्रांनाही उपयोगी पडतात. तुमच्या भागात गाडी चढवायची याहून सोपी रीत असेल तर जरूर कळवा, पुढच्या भागात सगळ्यांना सांगू. भेटूच. काळजी घ्या.